फ्यूजरावांची फायनल

सतरा वर्षं झाली, उदगीर-निलंगा गाडीत मला माझ्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. माझं नाव दयानंद. छातीवर बिल्ला आहे, बिल्ल्यावर नंबर आहे, डेपोच्या रजिस्टरात नाव आहे. पण गाडी मोंढ्याच्या कोपऱ्यावर आली की खालून आवाज येतो, "ओ फ्यूजराव, जागा हाय का?" आणि आख्खी गाडी हसते. ज्यांना कारण माहीत नाही तेही हसतात. कंडक्टरला हसायला कारण लागत नाही.

कारण मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो मीठमसाला लावील, आणि ह्या प्रकरणाला त्याची गरज नाही. ते मुळातच पुरेसं लाजिरवाणं आहे.

२००७ साली वीस षटकांचा पहिला विश्वचषक झाला. फायनल आली नेमकी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मोंढ्यात मुगा-उडदाची आवक जोरात असताना आणि समोर पाकिस्तान असताना. देवानं सगळं एकाच संध्याकाळी आणून ठेवलं होतं. फक्त लाईट तेवढी दिली नव्हती. आमच्या फीडरवर भारनियमन.

जुने दिवस गोड होते असं लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. त्यांच्याकडं तेव्हाही लाईट असणार. आमच्याकडं दिवसातले बारा-बारा तास नसायची. डास होते, उकाडा होता, पंखा छताला शोभेला होता. गोड काही नव्हतं. पण मडिवाळप्पांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, अडतीत तीस माणसं चौदा इंची काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर उडदाच्या पोत्यांवर बसायची, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याची हनुवटी, हमाल कुठला आणि मालवाला कुठला ते कळत नसे, आणि कुणी कुणाला सरक म्हणायचं नाही. हे मात्र मी नंतर कुठं पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू.

टीव्ही बॅटरीवर चालायचा. आप्पांची एक जुनी बॅटरी होती, आणि ती दगा देईल म्हणून किशनरावानं आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून शेजारी तयार ठेवली होती. किशनराव म्हणजे तोगरीकडचा शेतकरी. उडीद घेऊन सकाळी आला होता, माल विकून झाला तरी मॅचसाठी थांबला होता. मी ड्यूटी संपवून गणवेशातच पोत्यावर चढलेलो.

शेवटचं षटक आलं आणि आप्पांच्या बॅटरीनं मान टाकली. चित्र चारी बाजूंनी आत आत सरकायला लागलं, एवढ्याशा पोस्टाच्या तिकिटात अकरा माणसं फिल्डिंग करायला लागली. त्यात एक सिक्स बसला. चार चेंडूंत सहा पाहिजेत. किशनराव म्हणाला, "हात लावू नको रे, जसं दिसतंय तसं दिसू दे." पण मला राहवलं नाही. मला वाटलं, बोलर चालत माघारी जाईल, घाम पुसील, तेवढ्यात होतंय. मी क्लिपा काढल्या आणि दुसऱ्या बॅटरीला लावल्या.

उलट्या लावल्या. लाल काळीला, काळी लालला.

टीव्हीतून फट् आवाज आला आणि जळक्या वासाची एक बारीक रेघ वर गेली. अंधार. तीस माणसांचा श्वास. आणि मग स्टेशनकडून, जिथल्या फीडरवर लाईट होती तिथून, पहिला फटाका वाजला. मग दुसरा. मग गणपती मंडळाचा बँजो सुरू झाला. आख्ख्या गावानं विश्वचषक पाहिला, आमच्या अडतीनं तो ऐकला. अंधारात किशनरावाचा आवाज आला, "ह्या फ्यूजरावानं वर्ल्डकप खाल्ला!"

ते नाव दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीतून गावभर गेलं आणि बुडालं नाही.

आता दोन हजार चोवीसवर येतो. अडत विकली गेली, तिथं मोबाईलचं दुकान आहे. पोत्यावरचे कुणी वारले, कुणी लातूरला गेले, कुणी नांदेडला सुनेच्या ताब्यात आहेत. उदगिराच्या आसपास उरलो तिघं. ऐंशीतले आप्पा, किशनराव आणि मी. आता मॅच प्रत्येकजण आपापल्या घरात बघतो. एकाची डिश, दुसऱ्याचं केबल, तिसऱ्याचं नेट. विकेट पडली की एका घरातून आधी आरोळी येते, शेजारून पाच सेकंदांनी, पलीकडून दहा सेकंदांनी. देशाची विकेट एकच, पण आमच्या गल्लीत ती तीन वेळा पडते. ह्याला लोक प्रगती म्हणतात.

जूनमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठी टेकत माझ्या दारात आले. कपाळाला विभूती, एका डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

"दया, रविवारी माझा पोरगा रविकिरण गाडी घेऊन येऊन राहिला. हैदराबादला नेतो म्हणतो. कायमचं."

"बसा आप्पा."

"बसायला न्हाई आलो. शनिवारी फायनल हाय. त्या रात्रीचा शेवटचा चेंडू म्या पाहिला न्हाई."

"आप्पा, आतापर्यंत हजार वेळा दाखवला असंल टीव्हीवर."

"हौदु, हौदु, व्हय, पाहिला की. रिपीटमधी पाहिला. काय होणार ते ठाव असल्यावर काळजात धडधड कशानं व्हावी? सांग की." त्यांनी काठी माझ्या गणवेशाच्या खिशाला लावली. "तू घालवलास, तूच दाखवायचा. एक फायनल, शेवटच्या चेंडूपर्यंत, लाईव्ह. मंग म्या गप जातो."

मी शब्द दिला. सतरा वर्षांत माझ्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं, सुट्ट्या पैशांशिवाय.

त्याच दिवशी गाडीत किशनराव भेटला. भर गाडीत म्हणालो, "शनिवारी माझ्या घरी ये, मॅचला. आप्पा येणार आहेत."

"येतो की फ्यूजराव," तो म्हणाला. "येताना मेणबत्त्या आणू?"

गाडी हसली. ड्रायव्हरसुद्धा. त्याच क्षणी मी ठरवलं की शनिवारी माझ्या घरची लाईट एक सेकंदही जाता कामा नये. आणि मी माझ्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. मी वीज ऑफिसला अर्ज दिला.

माझी बायको उज्वला म्हणाली होती. तिचं मी ऐकलं नाही हे इथं नोंदवून ठेवतो, नाहीतर ती हे वाचून स्वतः नोंदवील. "अवो, लाईट आता जातीच कुठं एवढी? गुमान चालू हाय ते कामून उकरून राहिलाव?"

पण मी दहावी नापास माणूस. प्रवाशांनी सीटवर सोडलेले पेपर वाचून वाचून शिकलो. असा माणूस शिकलेल्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतो. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'विषय: दि. २९ जून रोजी रात्री ८ पासून सामना संपेपर्यंत वीज न जाणेबाबत.'

खिडकीतल्या क्लार्कनं तो दोनदा वाचला.

"भारत फायनलला गेला?"

"जाणार."

"गेला का?"

"गुरुवारी सेमीफायनल हाय."

"मग हा अर्ज मुदतीच्या आधीचा झाला. आधी फायनलला जाऊ द्या, मग पुरावा जोडून आणा."

माझ्या मागं रांगेत वीस माणसं. वीसही जणांना ते बरोबर वाटलं.

गुरुवारची सेमीफायनल पावसानं लांबली, रात्री दीडला संपली. आपण जिंकलो. शुक्रवारी सकाळी मी स्टँडवरून पेपर घेऊन दहाच्या ठोक्याला खिडकीत उभा. क्लार्कनं पेपर उघडला. आमच्याकडं येणारा पेपर संध्याकाळीच छापून निघतो. त्यात लिहिलं होतं, 'पावसामुळे सामना उशिरा'.

"ह्यात तर पाऊसच पडून राहिला," क्लार्क म्हणाला.

"अहो, जिंकला भारत! तुम्ही पाहिला न्हाई का?"

"मी पाहिला. मी वैयक्तिक पाहिला. ऑफिसनं न्हाई पाहिला."

मग मी मोबाईलवरच्या बातमीची झेरॉक्स सेंटरमधून प्रिंट काढली आणि खाली स्वघोषणापत्र लिहिलं: 'भारतीय संघ अंतिम सामन्यात पोचला असून ते मी जातीने पाहिले आहे. खोटे आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन.' सही केली. म्हणजे रात्रीचा सामना आपण हरल्याचं निघालं असतं तर बहुतेक मला अटक झाली असती.

क्लार्कनं ग्राहक क्रमांक कॉम्प्युटरवर टाकला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे मीटर माणिकरावांच्या नावावर हाय. ते कोण?"

"वडील."

"ते कुठं असतात?"

"वारले. बारा वर्षं झाली."

"मग अर्ज त्यांनी करायला पाहिजे."

मी तिथं काय बोललो ते लिहिणार नाही. बोललो ते मोठ्यानं बोललो, त्यामुळं आतून साहेब बाहेर आले. माझं नाव ऐकून त्यांना आनंद झाला. "तुम्हीच का ते? वीजचोरांवर पेपरात पत्रं लिहिता?" मीच तो. वर्षाला दोन तरी पत्रं लिहितो. 'तारेवर आकडे टाकणाऱ्यांनो, लाज बाळगा' हे माझंच. साहेबांनी कपाटातून फाईल काढली, त्यात माझी सगळी कात्रणं लावलेली. माझी पत्रं इतकी जपून कुणी ठेवली असतील असं मला वाटलं नव्हतं. मी विरघळलो, आणि तिथंच फसलो.

"असा जागरूक ग्राहक आम्हाला पाहिजेच," साहेब म्हणाले. "तुमच्या घरी आजच माणूस पाठवतो. सगळं तपासून देतो."

दुपारी चारला वायरमन बालाजी आला. आमच्याच मागच्या गल्लीत राहतो, मला काका म्हणतो. मीटरसमोर उभा राहिला, एकदा डोकं तिरपं करून बघितलं, एकदा टिचकी मारली.

"काका, मीटर हळू फिरून राहिलं."

"ते बारा वर्षांपास्नं तसंच फिरतंय."

"तेच तर." त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला. "लातूरला तपासणीला जाईल. सोमवारी कळंल."

"आणि तोवर दुसरं बसव की."

"शिल्लक न्हाई. उद्या शनिवार, सुट्टी."

"अरे मग माझी लाईट?"

बालाजीनं माझ्याकडं खऱ्या दयेनं पाहिलं. "काका, मीटरच न्हाई तर लाईट कशी येईल?"

मीटर पिशवीत घालून तो निघून गेला. लाईट जाऊ नये म्हणून आख्ख्या उदगिरात एकाच माणसानं अर्ज केला होता, आणि आख्ख्या उदगिरात त्या एकट्याची लाईट गेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी गल्ली सल्ला द्यायला आली. एरवी पाणी भरायला नंबर लावतात तशी रांगेनं आली. पहिले चंद्रप्पा मास्तर, शेजारचे, रिटायर. ह्यांनी दोन हजार सातमध्ये वीस षटकांच्या क्रिकेटला पोरखेळ म्हटलं होतं आणि आता जेवताना स्ट्राईक रेट सांगतात.

"दयानंद, खामखा जिवाला लावून घेऊ नका. माझ्याकडं या सगळे. बावन्न इंची हाय. सोफा हाय. आप्पांना टेकायला लोड देऊ."

मास्तर मनानं चांगला माणूस. पण त्यांच्या सोफ्यावर बसून मी आप्पांना फायनल दाखवणार, आणि किशनराव निलंग्याच्या गाडीत सांगणार, 'फ्यूजरावाच्या घरी मॅच होती, म्हणून मास्तराकडं बघितली.' त्यापेक्षा मी राजीनामा दिला असता.

"मग माझ्याकडून वायर ओढा," मास्तर म्हणाले.

बालाजी जिन्याखाली चहा पीत होता, तिथून बोलला, "मास्तर, तसं देणं बी गुन्हाच हाय. काकांच्याच पत्रात वाचलं म्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "आकडा टाका की एक रात्र. फायनल हाय, देव बी माफ करंल." सगळे माझ्याकडं बघायला लागले. बालाजी मुद्दाम आकाशाकडं बघायला लागला. खरं सांगतो, माझा हात शिवशिवला. वीस वर्षांची पत्रं एका बाजूला आणि आप्पांचा काळा चष्मा दुसऱ्या बाजूला. पण मी नाही म्हणालो. तत्त्व म्हणून नाही. त्या कपाटातल्या फाईलला आपण तोंड कसं दाखवायचं, म्हणून.

शेवटी मास्तर म्हणाले, "माझ्या माळ्यावर एक जुना इन्व्हर्टर हाय बघा. चालू हाय. बॅटरी तेवढी मेलेली."

बॅटरी म्हटल्यावर गल्लीतल्या दोघातिघांनी तोंडावर हात धरला. उज्वला दारात उभी होती, हात पिठाचे.

"फोन करा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला ते तुम्हाला ठाव हाय."

मी गच्चीवर जाऊन किशनरावाला फोन केला. बॅटरी हा शब्द ऐकल्यावर तो हसायला लागला. इतका हसला की मागून त्याच्या घरची माणसं काय झालं, काय झालं विचारताना ऐकू आली. मी फोन कानाला धरून उभा. इज्जत अशी हळूहळू जाते, एका झटक्यात गेली तर बरं.

"नुसती बॅटरी पुरायची न्हाई," शेवटी तो म्हणाला. "आख्खा ट्रॅक्टर आणतो. इंजिन चालू ठिवू, बॅटरी भरत ऱ्हाईल. पण एक सांगून ठिवतो. बॅटरीला तू हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. बोट बी न्हाई."

शनिवारी सातला ट्रॅक्टर गल्लीत शिरला आणि माझ्या दारासमोर मास्तरांच्या तुळशीला हेडलाईट लावून उभा राहिला. किशनरावानं बॅटरीच्या अधिकच्या टोकाला लाल चिंधी बांधून आणली होती. "तुझ्यासाठी न्हाई, माझ्या जिवाला शांती म्हणून," म्हणाला. खिडकीतून वायर आत घेतली, इन्व्हर्टर लागला, टीव्ही लागला. आप्पा टीव्हीपासून दोन हातांवर खुर्चीत. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर. किशनराव बाहेर ट्रॅक्टरला टेकून, खिडकीतून आत बघत, पहारा देत.

ट्रॅक्टर धडधडत होता, त्यामुळं कॉमेंट्रीतलं अक्षर ऐकू येत नव्हतं. काही बिघडलं नाही. हल्ली ते जे बोलतात ते न ऐकलेलंच बरं. आप्पा स्वतःच बोलत होते. "मार. मारू नको. आता मार." आपण पावणेदोनशेच्या वर केले. दक्षिण आफ्रिका खेळायला आली. उज्वलानं भाकरी-ठेचा दिला, तो कुणी खाल्ला नाही.

आणि मग ते आलं. तीस चेंडूंत तीस. हातात सहा विकेटा. समोरचा पोरगा मोंढ्यात पोती फेकावीत तसे सिक्स फेकत होता. आप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"दया, त्या रात्री आपण जिंकलो होतो ना?"

"जिंकलो होतो आप्पा."

"मंग ठीक. एक तरी जिंकलो."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला मोठा आवाज झाला. डीपी उडाली. सगळ्या घरांत एसी, सगळ्या घरांत टीव्ही, सगळ्या घरांत पाहुणे. आख्खी गल्ली काळी झाली. मास्तरांच्या खिडकीतून बावन्न इंची अंधार दिसला. आणि सगळ्या गल्लीत एकच घर उजळलेलं राहिलं. ज्याचं मीटर लातूरला होतं त्याचं.

माझ्या आयुष्यात मी इतका सुखी क्वचितच झालो असेन. आधी मास्तर आले, ताट हातात घेऊनच. मग समोरच्या बायका, त्यांच्या सासवा, चपला न काढता, चपला काढून, एकमेकांच्या चपला घालून. पाच मिनिटांत माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस माणसं. पलंगावर, पायऱ्यांवर, खिडकीत, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याची हनुवटी. मला एकदम उडदाचा वास आला. शपथेवर सांगतो, आला. बालाजी डीपी दुरुस्त करायला पक्कड घेऊन निघाला होता, तोही दारात अडकला.

"बालाजी, लाईन टाक की," कुणीतरी म्हणालं.

"टाकतो. तीन ओव्हर राहिल्यात. बघून टाकतो."

कुणी कुणाला सरक म्हणालं नाही.

चेंडू कमी होत गेले, धावा तशाच राहिल्या. विकेट पडली, आप्पा ओरडले, चाळीस माणसं एकाच क्षणी ओरडली. पाच सेकंद कुणाच्या मागं नाही, पुढं नाही. एकोणिसावं षटक संपलं. शेवटच्या सहा चेंडूंत सोळा. मास्तरांना अजून पुढं यायचं होतं. त्यांनी पाय उचलला, तो खिडकीखालच्या वायरीत अडकला, आणि टीव्ही गेला.

अंधार. तेच. तोच श्वास.

आणि चाळीसातल्या एकानं नाही, सगळ्यांनी एकदम म्हटलं, "फ्यूजरावाला हात लावू देऊ नका!"

मी बाहेर पळालो. किशनराव बॅटरीवर वाकला होता. लाल क्लिपेची स्प्रिंग तुटली होती, दात धरत नव्हते. तो लावायचा, ट्रॅक्टरच्या धडधडीनं ती गळून पडायची. आत टीव्हीखालच्या डब्यावर दिवा लागायचा, विझायचा.

"हातानं दाबूनच धरावी लागंल," तो म्हणाला आणि धरली. आत चित्र यायला वेळ लागतो, तोवर जाहिराती चालू असणार एवढीच आशा. किशनरावाची नजर खिडकीकडं. पण बॅटरीपाशी वाकल्यावर खिडकीतून फक्त पाठी दिसतात. हे त्याला आणि मला एकाच वेळी कळलं.

"जा आत," मी म्हणालो. "मी धरतो."

"तू?"

"मी."

"न्हाई. माझा भरवसा न्हाई."

"अरे, तू पण त्या रात्री शेवटचा चेंडू पाहिला न्हाईस. जा म्हणतो ना!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. परीक्षा घेणाऱ्यासारखं विचारलं, "लाल कुठं?"

"अधिकला."

"काळी?"

"वजाला. किशन, सतरा वर्षं झोपेत सुद्धा हेच म्हणतोय मी."

त्यानं क्लिप माझ्या हातात दिली आणि गडी उड्या मारत आत गेला.

तर वीस षटकांच्या विश्वचषकाच्या फायनलचं शेवटचं षटक मी कसं पाहिलं ते लिहून ठेवतो. दोन्ही हातांनी क्लिप दाबून, चेहऱ्यावर इंजिनाची वाफ, कानात धडधड. खिडकीत पाठी होत्या. बनियनच्या, साडीच्या, मॅक्सीच्या. मधल्या फटीतून आप्पांचं टक्कल, टीव्हीच्या उजेडात निळं. आधी पाठी नुसत्या उभ्या होत्या. मग एकदम सगळ्या ताठ झाल्या, कुणीतरी डोक्याला हात लावला, आणि दोन श्वासांनंतर नाचायला लागल्या. नंतर कळलं, सीमारेषेवरचा तो झेल. मग पुन्हा शांत. मग वाकल्या. एक पाठ हात जोडत होती, ती मास्तरांची. माझी बोटं भाजत होती. क्लिपेचे दात अंगठ्यात रुतले होते. सोडली नाही.

आणि मग स्टेशनच्या बाजूनं आकाशात एक रॉकेट गेलं.

पाठी अजून तशाच ताठ होत्या. आमची डिश मागं. त्यांचं केबल पुढं. मोंढ्याच्या बाजूनं दुसरं रॉकेट गेलं. गल्लीत एकट्या मला कळलं होतं. दोन हजार सातला अंधारात मी ह्याच बाजूचा फटाका ऐकला होता आणि मेल्यासारखा झालो होतो. ह्या वेळी मी ओरडलो नाही. तोंड घट्ट मिटलं आणि क्लिप आणखी जोरात दाबली. बघा म्हटलं. आप्पा, बघून घ्या. लाईव्ह.

खोली फुटली. पाठींचे चेहरे झाले. आप्पा खुर्चीतून उठले, काठी न घेता.

मी मात्र क्लिप धरून तसाच उभा होतो. सोड म्हणून कुणी सांगितलंच नाही. बक्षीस समारंभ झाला, खेळाडू रडले, आत गल्ली रडली, उज्वलानं साखर वाटली, मी वाकूनच. अर्ध्या तासानं किशनराव बाहेर आला. डोळे लाल. माझ्या अंगठ्यातली क्लिप हळू सोडवून घेतली.

"दयानंद, सोड आता," तो म्हणाला. "आप्पा विचारून राहिले, दया कुठं हाय."

आत गेलो. आप्पांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, काजळी त्यांच्या हाताला लागली. "फिटलं," म्हणाले. एवढंच. बालाजी मग सावकाश डीपीकडं गेला. रविवारी सकाळी रविकिरणच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आप्पा हैदराबादला गेले. गाडी वळेपर्यंत काठी खिडकीबाहेर होती.

नंतरच्या आठवड्यात वीज ऑफिसचं पत्र आलं. स्वच्छ टाईप केलेलं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, दि. २९ जून रोजी सदर ठिकाणी मीटर अस्तित्वात नसल्याने वीज खंडित होण्याचा प्रश्न उद्भवला नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मी ते फ्रेम करून मीटरच्या जागी लावलं आहे. मीटर अजून लातूरलाच आहे.

गुरुवारी निलंगा गाडीवर होतो. मोंढ्याच्या कोपऱ्यावर किशनराव चढला. गाडीत अर्धी माणसं ओळखीची. सगळ्यांनी माना वळवल्या, हसायची तयारी करून.

किशनराव माझ्यासमोर उभा राहिला, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "दयानंदराव, एक निलंगा द्या."

कुणी हसलं नाही. सतरा वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहिली होती. आणि तुम्हाला सांगतो, मला कसंतरीच झालं. गणवेशावरून बिल्ला कुणी काढून घ्यावा तसं. अडत गेली, पोती गेली, आप्पा गेले. आता हा पण मला दयानंदराव म्हणायला लागला तर त्या रात्री आम्ही तिथं होतो हे कुणाला ठाऊक राहणार?

मी मशीनवर बोट ठेवून थांबलो. तिकीट काढलं नाही.

"कुणाला म्हणून राहिलास?" मी विचारलं.

मग त्याच्या मिशीच्या एका टोकाला हसू आलं.

"फ्यूजराव," तो म्हणाला, "एक निलंगा."

गाडी हसली. मी तिकीट काढलं आणि डबल बेल दिली.